रकाना चौदा

कुरणे बाईंनी चष्मा वर सरकवला, बिल उलटंपालटं केलं.
“चाकं आठ, नायलॉन, बेअरिंगसह. हे कशात धरू?”
कलाकारांत नाही. भोजनात नाही.
प्रवास होता, पण चाक असूनही ते प्रवासात बसेना.
कॅमेरा-साहित्याचं भाडं असा एक रकाना होता,
पण आम्ही भाड्यानं आणलं नव्हतं, बनवलं होतं.
मुंबईहून मागवलं असतं, बाई म्हणाल्या,
तर सरळ बसलं असतं बघा.

मी तीस वर्षं लेथवर आहे.
पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या पिना,
ज्यानं जे सांगितलं ते काढून दिलं.
आवाज नको, असं सांगणारं गिऱ्हाईक मात्र
कागलची तहसीन मुजावर, हे पहिलंच.
आमच्या उद्यमनगरात आवाज थांबला
की माणसं दारात येऊन बघतात,
लाईट गेली काय.

मुंबईची ट्रॉली म्हणजे दिवसाचं भाडं,
रस्त्यातली रात्रही दिवसातच धरणार,
सोबत दोन माणसं, त्यांचा भत्ता, त्यांची खोली.
तिचं सगळं बजेट एका शाळेच्या वहीत,
मागच्या पानावर आईच्या गोळ्यांचा हिशेब.
मी म्हटलं, किती दिवसांत पाहिजे?
ती म्हणाली, परवा.

पहिल्यांदा ढकलली, करकरली.
भैरूनं बेअरिंग काढून रॉकेलात धुतलं.
दुसऱ्यांदा एका सांध्यावर नुसती खट्ट.
मग मी रुळाची टोकं कानशीनं घासत बसलो,
रात्री दीडपर्यंत, केसाएवढं, केसाएवढं.
तिनं फरशीवर झोपून रुळाला कान लावला.
उठली, काही बोलली नाही,
पोराच्या गालाला लावावा तसा
चाकाला हात लावला.

माझा बाप तराफ्यावर दिवे सांभाळायचा.
तळहात कायम भाजलेले, भाकरी बोटांच्या टोकांनी मोडायचा.
फाटकाला कुलूप लागलं त्या आठवड्यात
त्यानं मला हाताला धरून कारखान्यात सोडलं,
म्हणाला, लोखंड बंद पडत नाही.

मोरेवाडीला नवा फ्लोअर झालाय. उंच, पत्र्याचा, चांगला.
भिंतीला आवाज गिळणारं अस्तर यायचंय,
त्याची निविदा फिरतेय म्हणे.
तोवर हंगाम चालू, ऊस चालू,
डबल ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर लांबनंच ऐकू येतो,
इंजिन कमी, स्पीकर जास्त.
ध्वनिमुद्रकाचा हात वर.
चाळीस माणसं गप्प,
नटीच्या डोळ्यांतलं ग्लिसरीन वाळत चाललेलं,
आणि ट्रॅक्टरवाला आपला निवांत,
चढाला गिअर बदलतोय.

सरकार अनुदान देतं, देऊ दे, चांगलंच आहे.
पण पहिला हप्ता चित्रपट पुरा झाल्यावर.
म्हणजे विहीर खणून पाणी लागलं
की मग कुदळीचे पैसे.
तहसीननं मावशीच्या पाटल्या ठेवल्यात,
हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.

शेवटी कुरणे बाईंनी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.
रकाना चौदा: इतर.
नऊ हजार चारशे.
“वर कुणी विचारलं तर खोडता येईल,” म्हणाल्या,
मग जरा थांबून, “माझ्या भाच्यालाही सिनेमाचा नाद आहे,
त्याला पाठवू का तुमच्याकडं?”

आला तो. गडहिंग्लजहून आणखी दोघं आले.
आता चाकांचे तीन जोड रॅकवर असतात,
पंपाच्या शाफ्टांशेजारी, फडक्यात गुंडाळून,
धूळ लागू नये म्हणून.

खेळाला मी आणि भैरू गेलो होतो, मागच्या रांगेत.
बाई अंगणातून चालत येते,
तिच्यासोबत आपण, कितीतरी वेळ,
चप्पलेखालचा खडा ऐकू येतो, बांगडी ऐकू येते.
बाकी काही नाही.
मी खुर्चीची दांडी घट्ट धरून बसलेलो,
सांधा आता येईल, आता येईल.

भैरू अंधारात वाकून म्हणाला,
मामा, बंद पडलं काय?