उत्तरायण

सातपूरची पाळी सुटली की
पंचवटीत खांडबहाले सरांच्या ओट्यावर बसते,
स्वीडिशचं पुस्तक मांडीवर.
आजचा शब्द एवढा लांब
की ओळ संपते, तो संपत नाही.

"विग्रह कर," सर चष्मा पुसत म्हणतात.
यार्न म्हणजे लोखंड, वेग म्हणजे वाट.
"वेग म्हणजे वाट! बरं. लोहमार्ग. पुढे?"
पुढे नुसता एक स, मग स्टेशन.
"हा स कुणाचा?"
'चा'चा, सर. वाटेचं स्टेशन.
"म्हणजे प्रत्यय गळला नाही. अलुक्!
चाळीस वर्षं वर्गात
तीच ती दोन उदाहरणं देत होतो."

उच्चार मात्र लिहिल्यासारखा नाही.
र आणि न मिळून जिभेवर ण होतो, येण.
सर खूश: "उत्तर अधिक अयन!
तिथंही 'र'नं 'न'ला असंच बिघडवलं."
'ग'चा क. स्टेशनचं स्ताहून,
त्यातला ह गरम चहावर फुंकर घातल्यासारखा.
आणि मध्ये थांबायचं नाही.
पहिल्या पदावर भार,
मग घसरत जाऊन शेवटाकडे पुन्हा जरासं चढायचं.

सरांना दोनदा खोकला आला.
तिसऱ्यांदा म्हणाले, पंचवटी म्हणावं तसं.

मंगळवारी ते नाशिकरोडला आले,
हातात पोळ्यांचा डबा.
पिवळी पाटी वाचून पुटपुटले,
"नाशिक, मग मोकळी जागा, मग रोड.
जोडायचं राहिलंय."

गाडी हलली तेव्हा
ते एका दमात काहीतरी म्हणाले.
मला फक्त ण ऐकू आला.