एक पडला तरी

डब्यावर लिहिलंय: एकात एकवीस खेळ.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला,
सुक्या मिरच्यांच्या रांगेपलीकडे.
दोनशे चाळीस रुपये. घासाघीस केली नाही.

आज सोमवार, माझी सुट्टी.
उल्हास फेरीबोटीवर. घरात दुर्वा आणि मी.
लग्नाला सात आठवडे झाले,
ती मला अजून कुठलीच हाक मारत नाही,
"ऐक ना"वर चाललंय.

पट दोन्ही बाजूंनी छापलेला.
हलके हत्ती, वाकडा वजीर,
डॉमिनोच्या काळ्या वड्या,
आणि पत्ते.
पत्ते मी आधीच काढून फ्रीजवर ठेवलेत.
हे हात रोज रात्री नदीतल्या बोटीवर पत्ते वाटतात.
गणवेशाला खिसा नाही.
हरणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही,
असं पहिल्या आठवड्यातच शिकवतात.
ते हात घरी नकोत.

मग काय?
बुद्धिबळात मी हरवीन, नाहीतर हरल्याचं सोंग करीन,
आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोंग लगेच कळतं.
सापशिडीत अठ्ठ्याण्णवावर साप बसलाय,
पहिल्याच दिवशी कुणाला गिळेल नेम नाही.
डॉमिनो तिच्या आजोबांचा खेळ,
तावेर्नात टेबल हादरेपर्यंत आपटायचे म्हणे.
"आपल्या टीपॉयची काच फुटेल," ती म्हणाली.

नियमांचा कागद तिने मांडीवर सरळ केला,
बोट ठेवत वाचला.
"लुडोचं चुकलंय ह्यांचं.
सहा पडले तरच सोंगटी सुटते म्हणतात.
आमच्यात एकालाही सुटते."

आमच्यात.
शब्द फाशासारखा पटावर गरगरला.
कुठल्या बाजूवर थांबतोय, मी बघत राहिले.

आमच्याकडे, साखळीला, एकाला सुटत नसे.
सहा पडेस्तोवर घरातच बसायचं.
मी एकदा अख्खी दुपार बसले होते,
बाकीचे जिंकून, चहा पिऊन, झोपले.
हे मी तिला सांगितलं.
"अख्खी दुपार?" ती हसली,
सुळ्याच्या जागची खिडकी दिसली.

पिवळ्यात एक सोंगटी कमी निघाली.
मी डबा उपडा करून झटकला, पिशवी तपासली.
तोवर ती स्वयंपाकघरातून आली,
कालच्या कालवणातली एक शिंपली धुऊन,
फ्रॉकला पुसत.
पिवळ्या घरात ठेवली, बोटाने नीट सरकवली.
"ही तिसरी. पिवळा तुझा."

पलीकडे पणजीच्या काठाला बोटी उजळल्या,
जांभळ्या, हिरव्या. पाण्यात सगळे रंग मोडलेले.
तिने खिडकीकडे पाठ केली.
फासा स्टीलच्या भांड्यात खुळखुळवला,
भांडं माझ्या हातात दिलं.

तीन.
दोन.
मग तिचे सहा, आणि तिची हिरवी निघालीसुद्धा.
मला पाच. पुन्हा पाच.

फेरीचा भोंगा वाजला, उल्हासची की आधीची, कळलं नाही.
मी भांड्यावर हात झाकून थांबले.
"टाक ना," ती म्हणाली,
"तुला आमचाच नियम लावलाय."