फितीवरची अक्षरं

पेपरात आलंय, साल्वालेओन घराणं
लोकांच्या प्रेमावर उभं आहे.
असेल. मी फुलवाली.
सान तेल्मोच्या बंदरामागे माझं दुकान,
आणि एकवीस वर्षं त्या प्रेमाचं माप
माझ्याकडे फुटांत लिहून येतं.

सहा फुटी चक्र : घरात दहाच्या वर मतं.
चार फुटी : मतं कमी, पण जावई कस्टममध्ये.
तीन फुटी : नुसता शेजारी, तरी लोक बघतात.
जांभळी फीत, सोनेरी पूड,
'तुमच्या दुःखात सहभागी', खाली आडनाव. फक्त आडनाव.
म्हणून बाप गेला, पोरगा आला, आता सून उभी राहतेय,
तरी माझा साचा तोच.

यादी आणतो दोमिंगो, बर्फाच्या कारखान्यातला मुकादम.
त्याला देते नोटरीची बहीण.
तिला कोण देतं, ते मी विचारत नाही.
बर्फवाला मासेवाल्याला उधार देतो,
मासेवाल्याच्या पोराचा धर्मपिता नोटरी,
नोटरीच्या कपाटात अर्ध्या बेटाचे कागद,
आणि माझ्या रोमुलोला धक्क्यावर चिकटवलं तेही ह्यांनीच.
ताकाला तूर लागू देत नाही कुणी.
लागेल कशी? घुसळायला आम्हीच बसलेले.

एका मंगळवारी यादीत नाव होतं
एउसेबिओ मास्तरांचं. शाळेत मतं मोजायला बसायचे ते.
सहा फुटी, म्हणे. घरात मतं दोनच.
मला वाटलं, अरेरे, कधी गेले?
रंगवून टाकली फीत.

संध्याकाळी मास्तर दुकानात आले
छत्री झटकत. बायकोचा वाढदिवस.
निशिगंधाच्या पाच काड्या द्या, म्हणाले, कळ्या मिटलेल्या बघून,
म्हणजे रविवारपर्यंत टिकतील.
फीत टेबलावर होती, ओली,
मी तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं.

सहा काड्या दिल्या. पैसे पाचांचे घेतले.
पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर समोर
दोमिंगो बर्फाच्या गाडीला टेकून
सिगरेट ओढत होता, माझ्याकडे न बघता.

शुक्रवारी चक्र गेलं.
रस्ता निसरडा होता म्हणतात, आणि मोटरसायकल जुनी.
सूनबाईंनी मास्तरीणबाईंना मिठी मारली.
खरंच रडत होती ती. मी जवळ होते.
फितीवरच्या एका अक्षराला
वर्तमानपत्राचा तुकडा चिकटून राहिला होता,
कुणी वाचला नाही.

मतदानाला बोटावर शाई लावणारी पोर म्हणाली,
आजी, नखात हे पिवळं काय? शाई धरत नाही.
वरून लाव, म्हटलं.
दुसऱ्यांदा लावली. तरी धरली नाही.