इंच

शालनआत्याला जाऊन महिना झाला
तेव्हा बैठक बसली आमच्या माडीवर.
काहीतरी करायला हवं तिच्या नावानं.
धनपालदादा म्हणाला, बाकडं. घाटावर. सिमेंटचं.
काकी म्हणाल्या, बाकड्यावर पोरं बसतात, सिगरेटी ओढतात,
त्यापेक्षा पंखा देऊ बस्तीच्या हॉलला.
पंखा ठरला.
तीन पात्यांवर लाल रंगात:
कै. शालन
आदगोंडा मगदूम
यांच्या स्मरणार्थ.
चालू असला की नावाचं नुसतं लाल कडं होतं.
लाइट गेली की आत्या वाचता येते.

मी काही बोललो नाही त्या दिवशी.
मला दिसत होती तिची काळी छत्री,
एक काडी मोडलेली,
आणि चपलेला कायमचा लागलेला गाळ.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं टायपिंग केलं तिनं,
धरणांची पत्रं, कालव्यांची पत्रं,
आणि निवृत्त झाल्यावर म्हणाली,
आता नदी समक्षच बघते.

जुलै लागला की सकाळी सहाला
ती आयर्विन पुलावर.
कठड्यावरून वाकून, चष्मा हातानं घट्ट धरून
खांबावरचे आकडे वाचायची.
परत येताना दस्तगीर मुजावरच्या गिरणीबाहेर
फळ्यावर खडूनं:
'आज ३१ फूट ७ इंच. वाढतंय. दळण आजच न्या.'
किंवा: '३८ फूट २ इंच.
काकानगरवाल्यांनी गाद्या माळ्यावर टाकाव्यात.'
किंवा, एकदाच, त्या एकोणिसाच्या साली, नुसतं
'निघा.'

फूट काय सगळेच सांगतात, ती म्हणायची,
रेडिओ सांगतो, कलेक्टर सांगतो.
इंच आपल्या माणसानं सांगायचा.

यंदा ऑगस्टात पाणी चढू लागलं.
दर तासाला आकडे येत होते सगळ्यांच्या मोबाइलवर,
तरी लोक गिरणीपाशी थांबत,
फळ्याकडे बघत, पुढे जात.
फळ्यावर गेल्या ऑक्टोबरातलं तिचंच अक्षर:
'पाणी उतरलं. छत्र्या वाळवून ठेवा.'
दस्तगीरभाईंनी त्यावर ताणून बसवलेलं
पारदर्शक प्लॅस्टिक, चारी बाजूंनी खिळे,
वर पिठाची पातळ साय.

मी छत्री घेतली, तीच.
पुलावर गेलो, वाकलो,
आकडा तोंडात घोळवत परत आलो,
चौतीस, चौतीस,
जसा लहानपणी तिनं वाण्याकडं धाडल्यावर
पावशेर गूळ, पावशेर गूळ करत पळायचो.

खडू हातात, आणि हात पुढे जाईना.
तिचा तो 'ळ',
कालव्याच्या नकाशासारखा वळत गेलेला.
दस्तगीरभाईंनी पकडीनं एकेक खिळा उपसला.
म्हणाले, पुसा की.
म्हटलं, अक्षर जाईल ओ.
म्हणाले, बाई रोज पुसायच्या.
स्वतःचंच. ह्याच फडक्यानं.
कालचं पाणी ठेवून काय करायचंय, म्हणायच्या.

पुसलं.
फडक्यावर आलेला तिचा खडू
माझ्या बोटांना लागला, मग पँटला,
मग भाईंनी दिलेल्या चहाच्या कपाला.
लिहिलं: 'आज ३४ फूट.'
माझं अक्षर घाणेरडं. ओळ उजवीकडे घसरलेली.

तेवढ्यात लाइट गेली.
गिरणीचा पट्टा फटफट करत मंदावला.
तिकडे बस्तीत पंखाही थांबत असेल,
लाल कड्यातून एकेक अक्षर सुटं होत असेल,
वाचायला हॉलमध्ये कुणी नसेल.

सूर्यवंशी प्लॉटातली एक पोरगी,
काखेत दळणाचा डबा,
फळा वाचून उभीच राहिली.
म्हणाली, आणि इंच?

मी छत्री पुन्हा उघडली.