कठीण बी

एका जागेसाठी त्रेचाळीस अर्ज.
बहुतेक प्लास्टिकच्या फायली,
एक नुसत्या पिशवीत, अंबडच्या साडी-सेंटरच्या.
जिलानीभाईनं सगळ्यांना शेडात बसवलं,
जिथं एरवी मुगाची थप्पी लागते.
नीट कुणीच बसलं नाही. इस्त्री मोडते.

मला आत बोलावलं.
अकरा वर्षं मी उगवण-कक्षात आहे,
ओल्या कागदात शंभर-शंभर बी मोजून गुंडाळते,
आठव्या दिवशी उलगडते,
पुन्हा मोजते.
पुण्याहून आलेले बर्वे सर म्हणाले,
"ताई, तुम्ही नुसत्या बसा. काम तुम्हाला माहीत आहे."
बसले. खुर्ची चाकांची निघाली,
दिवसभर पाय रोवून धरावे लागले.

स्वतःबद्दल सांगा.
पोरं सांगायला लागली,
शाळेत रांगेत उभं राहून प्रतिज्ञा म्हणतात त्या सुरात.

तुमचा एखादा दोष?
"मी फार जास्त मेहनत करतो, सर."
असं सतरा जणांनी सांगितलं.
मला मोजायची सवय आहे.
बदनापूरचा फेरोज तांबोळी तेवढा म्हणाला,
"सकाळी लवकर उठवत नाही, सर."
सर मनापासून हसले
आणि पेनानं काहीतरी खोडलं.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
घनसावंगीची सुलक्षणा डोईफोडे
खिडकीकडं बघत राहिली.
बाहेर एक ट्रक मागं येत होता,
क्लीनर ओरडत होता, आन् दे, आन् दे, बास.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मी मनात म्हणलं, बोल की गं बाई, काहीही बोल.
"ठीक आहे," सर म्हणाले, "पुढचे पाठवा."

कोपऱ्यात मी वाळूचा ट्रे मांडून ठेवला होता,
प्रत्यक्ष काम करून घ्यायचं म्हणून.
सरांची चारची गाडी, ते राहूनच गेलं.
पंख्याखाली वाळू वरून सुकत चालली होती.
ती जाता जाता थांबली,
बाजूचं ओलं फडकं उचललं,
ट्रेवर ओढलं,
कडा दाबल्या,
आणि दार हळू लावून गेली.
सर तेव्हा फोनवर होते.

आमच्या अहवालात रकाने असतात:
नीट उगवलेलं. वाकडं उगवलेलं. मेलेलं.
आणि एक, कठीण बी.
आठ दिवसांत त्याला मोड येत नाही,
पण ते मेलेलंही नसतं.
नखानं दाबावं तर खड्यासारखं लागतं.
पाणी आत शिरायला त्याला वेळ लागतो, बास.
म्हणून ते वेगळं मोजायचं,
मेलेल्यात धरायचं नाही.
पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

मी फॉर्म पाहिला. उत्तम, ठीक, नाकारले.
"सर, आणखी एखादा रकाना..."
"सिस्टीममध्ये नाही हो ताई."
खरंच नव्हता. त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवली.

मला दोष कुणीच विचारला नव्हता.
शेडात खडे निवडायला बसायचे,
लॅबमधले देवडे काका चहा प्यायला आले होते,
माझ्या सुपाकडं बघत राहिले, चहा निवला,
म्हणले, हिला उद्यापासून आत पाठवा.
तसं आता होत नाही. व्हावं असंही नाही;
काकांनी त्या दिवशी दुसऱ्या रांगेतली सुपं बघितलीच नव्हती.

निवड झाली ती चांगल्या पोराची. खोटं कशाला बोलू.
परतूरचा आहे, नम्र आहे,
मोजणीत दोनदा चुकला, शिकेल.
बाकी बेचाळीस जणांना
रात्री एकाच मिनिटाला एकच मेसेज गेला.

"कोन लागलं?" जिलानीभाईनं गेटावर विचारलं.
सांगितलं.
"आन् ती पिशवीवाली?"
तेव्हा कळलं, पिशवी तिची होती.

आज मुगाचा आठवा दिवस.
शंभरातले एक्क्याऐंशी उगवले, सात कठीण.
अहवाल लिहून वर पाठवला.
ते सात फेकायचे असतात,
मी वेगळ्या कागदात गुंडाळलेत, पाणी शिंपडून.
आणि फोनमध्ये अर्जावरचा एक नंबर ठेवलाय,
नाव टाकताना काही सुचेना,
टाकलं: घनसावंगी फडकं.