गळती क्रमांक एकेचाळीस

इंदूरला नळाचं पाणी डोंगर चढून येतं.
जलूदला नर्मदा उचलायची,
टप्प्याटप्प्यानं विंध्याच्या माथ्यावर ढकलायची,
मग ती आपणहून उतरते
सुदामानगरच्या बादल्यांत.
सत्तावीस वर्षं माझी नोकरी हीच:
नदीला तिच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावणं
आणि वाटेत ती कुठे पाझरते
ते वहीत लिहून ठेवणं.

एकेचाळीसावी गळती घाटातली.
फ्लँजखाली काळ्या कातळावर
मिनिटाला तीन लिटर.
म्हणजे दिवसाला चार हजार तीनशे वीस,
एका गल्लीची आंघोळ.

मे महिना. खालचा ओढा म्हणजे नुसता गोट्यांचा ढीग,
सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
या एवढ्या कातळावर मात्र शेवाळी ओल.
गेंदालाल वेल्डरनं चष्मा वर केला:
"साब, इस पत्थर को आँखें हैं."

होळकर कॉलेजातून प्राध्यापिका मुंगी आल्या
(आडनाव मुंगी, अभ्यास बेडकांचा),
स्कूटर घाटात बसली म्हणून आमच्या जीपमधून.
साठीच्या बाई, कातळावर पालथ्या झोपल्या,
जीप बंद करा म्हणाल्या, श्वासही जरा हळू घ्या.
तेव्हा ऐकू आलं,
पंपघरातला ढिला रिले वाजतो तसं
टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.

"हे डबक्यातले नव्हेत.
यांना पाणी वाहतंच लागतं.
अंगठ्याएवढा जीव, बोटांच्या टोकांना चकत्या,
रंग म्हणाल तर भिजल्या दगडाचा.
आणि पिल्लं पोहत नाहीत यांची.
पाण्याच्या एका पापुद्र्यावर
शेपटीचा झटका देत
खडक चढतात."

चढतात.
मला वाटायचं, या घाटात
पाण्याच्या आधारानं चढण्याचं खातं
फक्त आमचं.

"पाणी तोडलं तर?"
"मोठे कपारीत खोल जातील. थांबतील.
थांबणं त्यांना येतं. पिल्लांना अजून येत नाही."
"किती दिवस?"
"शेपटी गळेपर्यंत. अठरा, वीस."

गळेपर्यंत.
आमच्या खात्यात या क्रियापदाला
दंड आहे.

पहिल्या दिवशी लिहिलं: गॅस्केट उपलब्ध नाही.
पाचव्या दिवशी: मागणी केली आहे.
अकराव्या दिवशी: चुकीच्या मापाचं आलं.
(योग्य मापाचं माझ्या टेबलाच्या खणात,
डब्याखाली.)
तेराव्या दिवशी द्वारकापुरीतून शकूवहिनींचा फोन,
आज नळ वीसच मिनिटं, भावोजी, काय चाललंय तुमचं?
मी काय सांगणार?
तुमच्या वाटणीचं कोण पितंय ते
मला ठाऊक होतं,
आणि ते पीतही नव्हतं,
नुसतं त्यावर चिकटून होतं.

सतराव्या दिवशी वरून लेखी आदेश.
सतरा. वीस नव्हेत.
सकाळी आठला व्हॉल्व्ह फिरवला, नटबोल्ट आवळले,
वेल्डिंगची निळी ठिणगी कातळावर उडू नये म्हणून
गेंदालालनं पाठ मधे धरली.
उन्हानं ओल वरून खाली पुसत आणली,
पाऊण तासात दगड पुन्हा दगड.
शेपट्या किती उरल्या होत्या
मी वाकून पाहिलं नाही.
त्यानं पाहिलं. बोलला नाही.

जीप सुरू झाल्यावर तो परत गेला,
खांद्याची छागल काढली,
कपारीच्या तोंडाशी ओतली सगळी
आणि कोरड्या तोंडानं येऊन बसला.

वहीत मी लिहिलं: दुरुस्ती पूर्ण. पाणीनाश शून्य.
खरं तर लिहायला हवं होतं:
दोन लिटर.