टाळी

सोमवारी शाळा उघडली.
खिचडीच्या खोलीचं कुलूप काढलं तर
डाळीच्या डब्यामागं पालीची दोन अंडी,
आणि दारात ढोबळे सर:
"मग, काय काय पाहिलं हैदराबादला?"

काय सांगावं सरांना.
मी तांदूळ निवडत राहिले.

वेचणीचे दिवस होते, रोज बुडणार होता,
पण दोन महिन्यांचं मानधन एकदम आलं
आणि कौतिकाचा भाचा तिकडं लिफ्ट बसवतो, त्याची खोली होती.
म्हणून आम्ही चौघी.
आदिलाबादच्या स्टेशनावर डब्यात चढताना
वच्छलानं चपला काढून हातात घेतल्या.
"घाल वं, देऊळ नोहे थे!"

पैनगंगा मागं पडली तशी
पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली,
उन्हात घातलेल्या मूगवड्यांसारखी.
घरून फोन येत राहिले,
तिखट कुठं आहे, बकरी कोण बांधते,
आणि एकदा नुसताच, काही न विचारता.

चारमिनारचे मिनार मोजले. चारच निघाले.
म्युझियमात एका घड्याळातून
दाढीवाला बाहुला निघतो, तास वाजवून आत जातो,
तेवढ्यासाठी माणसं ताटकळत बसलेली.
वच्छला म्हणाली, "आपला रामकिसन बरा,
बिनाचाबीचा वाजोते."

हॉटेलात वाढणारा पोरगा आला
तर आम्ही चौघी उभ्याच राहिलो.
त्यानं बसा म्हटलं, तेलुगूत.
कौतिकानं दुरून हंडी पाहिली, बोलली,
"सहा किलो कोरडा तांदूळ. मीठ मागून टाकलं यायनं."
बेबीनंदानं ताट पुसून खाल्लं
आणि कुणाचं लक्ष नाही बघून
उष्ट्या ताटांची चळत लावली.

किल्ल्यावर तिचे गुडघे नाही म्हणाले.
"जा तुमी. पिशव्या मी पाह्यतो."
खाली दरवाज्यात एक माणूस सगळ्यांना सांगत होता,
इथं वाजवलेली टाळी पार वर जाते.
बेबीनं ऐकलं, हसली,
आमच्या तिघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली.

वर वारा. धाप.
इमारतीच इमारती, मोजायला बोट पुरेना,
त्यात खाली बेबी कुठं शोधायची?
तिचं जांभळं पातळसुद्धा दिसेना.
वच्छला म्हणाली, एवढ्या शहरात आपलं माणूस म्हंजे
परातीतला खडा.

आणि तेवढ्यात आली.
स्वच्छ. जवळ. कानाशी कुणी पापड मोडावा तशी.
मग दुसरी.
मग पुष्कळ वेळानं, आम्ही पायरीवर बसून वाट बघितली तेव्हा,
तिसरी.

आम्हीही वाजवल्या, तळहात लाल होईस्तोवर.

खाली आलो तर तिचं पहिलं,
"आल्या का वं आयकू?"
"आल्या."
"किती?"
"तीन."
ती गप्प झाली. बोटांवर काहीतरी मोजलं.
"मी तं वीस वाजोल्या."
आमच्या तिला पोचल्या का, ते विचारायचं राहिलं.
मधे बसेस होत्या, शेंगावाला होता.
परतीच्या गाडीत ती मधेच म्हणाली,
"बाकीच्या कुठी गेल्या असतीन?"
कौतिका झोपली होती. वच्छला झोपल्यासारखी.
मी खिडकीतून बाहेर पाहिलं, काळोख होता.

सरांना म्हटलं, सगळं पाहिलं सर, छान आहे.
मग जेवणाची सुट्टी झाली,
पोरं ताटल्या वाजवत पळत आली,
ओळ मोडली, दोघं धुळीत पडले,
आणि बेबीनंदानं ओसरीवरून,
जशी ती गेली अकरा वर्षं वाजवते तशी,
टाळी वाजवली.

आम्ही तिघींनी एकदम वर पाहिलं.
मी पळी हातात धरून,
कौतिका फोडणी सोडून, वच्छला नळ चालू ठेवून.
वर नुसते टिनाचे पत्रे, एक कबुतर.

कुणी काही बोललं नाही.
खिचडी बुडाला लागत होती.